टिळकांवरील जामिनाचा खटला, १९१६

टिळकांवरील जामिनाचा खटला हा लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्याविरुद्ध मुंबई सरकारने १९१६ साली चालवलेला फौजदारी खटला होता. बेळगाव येथे १ मे १९१६ रोजी आणि अहमदनगर (२०२४पासून अहिल्यानगर) येथे ३१ मे व १ जून १९१६ रोजी टिळकांनी स्वराज्याच्या मागणीवर दिलेली तीन मराठी भाषणे राजद्रोही व प्रक्षोभक असल्याचा सरकारचा दावा होता. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने ऑगस्ट १९१६ मध्ये टिळकांना एका वर्षासाठी चांगल्या वर्तणुकीचा एकूण ४०,००० रुपयांचा जामीन देण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो आदेश रद्द केला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी काम पाहिले.

राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांवर १८९७, १९०८ आणि १९१६ अशा तीन वेळा कारवाई झाली. त्यांपैकी केवळ या खटल्यात त्यांची बाजू मान्य झाली. राज्यकर्त्यांवरील कठोर टीका आणि हिंसेची चिथावणी यांतील सीमारेषा कोठे आखावी, तसेच कोणतीही हिंसा घडलेली नसताना केवळ संभाव्य परिणामाच्या भीतीने एखाद्या वक्त्याचे तोंड बंद करता येते का, हे प्रश्न या खटल्याच्या केंद्रस्थानी होते.

पार्श्वभूमी

राजद्रोहाचे कलम १२४अ भारतीय दंड संहितेत १८७० साली समाविष्ट करण्यात आले. या कलमाखालील सर्वांत गाजलेला प्रारंभीचा खटला १८९७ साली टिळकांवरच झाला. पुण्यातील प्लेगच्या साथीत सरकारी यंत्रणेने केलेल्या कडक उपाययोजनांमुळे शहरात असंतोष होता. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर प्लेग समितीचे अध्यक्ष रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच्या एक आठवडा आधी, १५ जूनच्या केसरीच्या अंकात शिवाजी उत्सवाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला होता व त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. सरकारने या मजकुरावरून टिळकांवर खटला भरला. त्यांना खुनाच्या कटात आरोपी करण्यात आले नव्हते. तथापि, लेखन आणि हत्या यांचा कालानुक्रम खटल्याच्या वातावरणावर परिणाम करणारा ठरला. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी दोषी, तर तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष असे मत दिले. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी टिळकांना १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. कलमातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा त्यांनी ज्यूरीला समजावून सांगितला होता. या व्याख्येनुसार सरकारविषयी आपुलकी कमी करणारे कोणतेही लेखन गुन्हा ठरू शकत होते. त्याच वर्षी इस्लामपूर येथील ‘प्रतोद’ या पत्राच्या खटल्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मात्र अप्रीती म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव नव्हे, तर सत्तेविरुद्धची प्रत्यक्ष वैरभावना होय, असा अधिक मर्यादित अर्थ मांडला.

१९०८ साली दुसरा खटला झाला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे झालेल्या बाँबस्फोटात दोन इंग्रज महिला ठार झाल्या. या घटनेवर केसरीत आलेल्या लेखांवरून टिळकांना अटक झाली. बाँबचा मार्ग हा सरकारच्या दडपशाहीचा परिणाम असून त्यावर दडपशाही वाढवणे हा उपाय नव्हे, असा या लेखांचा रोख होता; सरकारी पक्षाच्या मते मात्र तो हिंसेचा छुपा पुरस्कार होता. जिना यांनी टिळकांच्या जामिनासाठी केलेला अर्ज न्यायमूर्ती दावर यांनी फेटाळला. ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी टिळकांना दोषी ठरवले. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली व मंडाले येथे ठेवण्यात आले. शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

जून १९१४ मध्ये टिळक सुटून आले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांनी जाहीर निवेदन काढून सरकारला युद्धात सहकार्य देण्याची भूमिका घेतली आणि देशात घडलेल्या हिंसक कृत्यांचा निषेध केला. त्यानंतर त्यांनी सनदशीर चळवळीचा मार्ग धरला. एप्रिल १९१६ अखेरीस बेळगाव येथे मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष व नरसिंह चिंतामण केळकर चिटणीस झाले.

बेळगाव व अहमदनगरची भाषणे

लीगच्या प्रचारासाठी टिळकांनी केलेल्या दौऱ्यातील अहमदनगर हा महत्त्वाचा टप्पा होता. नगर हे जुने लष्करी ठाणे होते आणि महायुद्धाच्या काळात तेथे शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी स्थानबद्धता छावणीही उघडण्यात आली होती. अशा ठिकाणी सरकारच्या कारभारावर लोकांच्या भाषेत, सलग दोन दिवस जाहीर टीका होणे अधिकाऱ्यांना अस्वस्थ करणारे होते.

या भाषणांत टिळकांनी राजा आणि नोकरशाही यांत स्पष्ट भेद केला. ब्रिटिश सम्राटाची सत्ता उलथून टाकावी अशी मागणी नसून, सम्राटाच्या नावाने कारभार करणारी आणि लोकांना जबाबदार नसलेली अधिकाऱ्यांची यंत्रणा बदलावी अशी मागणी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. साम्राज्यात राहून अंतर्गत कारभार लोकांच्या हाती यावा, हा त्यांनी ‘स्वराज्य’ या शब्दाला दिलेला अर्थ होता.

अहमदनगरच्या भाषणातील ‘परके’ या शब्दाचे विवेचन विशेष उल्लेखनीय आहे. परकेपणा कातडीच्या रंगावर किंवा धर्मावर ठरत नाही, तर हितसंबंधांवर ठरतो, असे टिळकांनी सांगितले. या देशात राहून या देशाच्या हितासाठी झटणारा माणूस मुसलमान असो वा इंग्रज, तो परका नाही, असा त्याचा आशय होता. नोकरशाहीवर कठोर टीका करणाऱ्या या भाषणाने वंश व धर्म हे शत्रुत्वाचे आधार म्हणून नाकारले होते.

‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ ही घोषणा टिळकांनी याच दौऱ्यात नगर येथे केली, असे स्थानिक परंपरा मानते. बेळगाव व लखनौ या शहरांशीही ही घोषणा जोडली जाते.

कायदेशीर चौकट

सरकारने या वेळी टिळकांवर दंड संहितेच्या कलम १२४अ खाली थेट खटला भरला नाही. त्याऐवजी १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १०८चा आधार घेण्यात आला. राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्या व्यक्तीकडून चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून जास्तीत जास्त एका वर्षासाठी जामीन मागण्याचा अधिकार या कलमाने दंडाधिकाऱ्याला दिला होता. पहिल्या टिळक खटल्यानंतर १८९८ साली राजद्रोहाचे कलम नव्या स्वरूपात आणण्यात आले आणि समाजगटांत शत्रुत्व वाढवण्याविषयीचे कलम १५३अ दंड संहितेत घालण्यात आले. कलम १०८ ही त्याच वर्षीच्या प्रक्रिया संहितेतील तरतूद होती.

या मार्गाची काही वैशिष्ट्ये होती:

• कारवाई प्रतिबंधात्मक होती. झालेल्या गुन्ह्याची शिक्षा देणे हा तिचा उद्देश नसून पुढील वर्तनाला आळा घालणे हा होता.
• निर्णय एकटा दंडाधिकारी देत असे. १८९७ व १९०८च्या खटल्यांप्रमाणे येथे ज्यूरी नव्हती.
• जामीन न दिल्यास तुरुंगवास होत असे. जामीन दिल्यास, मुदतीत पुन्हा तशाच स्वरूपाचे भाषण केल्याचे ठरले तर रक्कम जप्त होऊ शकत असे.

परिणामी, वक्त्याला तुरुंगात न पाठवता आणि त्याला हुतात्म्याचे वलय प्राप्त होऊ न देता वर्षभर गप्प ठेवणे या तरतुदीमुळे शक्य होते. १९१६ साली ॲनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’ या पत्राकडूनही वृत्तपत्रविषयक कायद्याखाली जामीन मागण्यात आला होता.

कलम १२४अ मध्ये बचावाला उपयोगी पडणारी स्पष्टीकरणेही होती. द्वेष, तिरस्कार किंवा अप्रीती न चेतवता, सरकारची धोरणे कायदेशीर मार्गाने बदलून घेण्याच्या हेतूने त्यांविषयी नापसंती व्यक्त करणे हा गुन्हा नाही, असे त्यांत म्हटले होते. नगरची भाषणे या सवलतीत बसतात की नाही, हा वादाचा मुख्य मुद्दा झाला.

दंडाधिकाऱ्यापुढील सुनावणी

२३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने पुण्यात गायकवाड वाड्यात झालेल्या समारंभात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. ही रक्कम त्यांनी राष्ट्रकार्यासाठी वापरण्याचे जाहीर केले. याच सुमारास जामीन का घेऊ नये, याचे कारण दाखवण्याची नोटीस त्यांच्यावर बजावण्यात आली.

सुनावणी पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे झाली. पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपलेली मराठी भाषणे व त्यांची इंग्रजी भाषांतरे हा मुख्य पुरावा होता. भाषणांमुळे कोठेही दंगा, हल्ला किंवा हिंसक कृत्य झाल्याचा आरोप नव्हता. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार, श्रोत्यांच्या मनात सरकारविषयी द्वेष व अप्रीती निर्माण करणे हाच या भाषणांचा परिणाम होता आणि युद्धकाळात तो अधिक धोकादायक होता.

जिना यांनी बचावात दोन मुद्द्यांवर भर दिला. टीका नोकरशाहीवर आहे, कायद्याने प्रस्थापित सरकारवर नाही, हा पहिला मुद्दा होता. सुटी वाक्ये न निवडता संपूर्ण भाषण वाचल्यास घटनात्मक सुधारणांची मागणी हाच त्याचा गाभा दिसतो, हा दुसरा मुद्दा होता.

१२ ऑगस्ट १९१६ रोजी दंडाधिकाऱ्याने टिळकांविरुद्ध आदेश दिला. त्यानुसार टिळकांनी २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीनदार द्यायचे होते. टिळकांनी या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

उच्च न्यायालयाचा निर्णय

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लुभाई शहा यांच्यापुढे सुनावणी झाली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी दोन्ही न्यायमूर्तींनी दंडाधिकाऱ्याचा आदेश रद्द ठरवला.

भाषणांचे मूल्यमापन त्यांच्या एकंदर परिणामावरून केले पाहिजे, हे निर्णयाचे प्रमुख सूत्र होते. एखादे तिखट वाक्य संदर्भातून वेगळे काढून त्यावर निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. भाषण आरंभापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचून, ते कोणत्या श्रोत्यांपुढे व कोणत्या परिस्थितीत केले गेले हे ध्यानात घेऊन, त्याचा स्वाभाविक परिणाम काय झाला असता हे पाहावे लागते, असा न्यायालयाचा दृष्टिकोन होता. भाषणांतील काही भाग आक्षेपार्ह वाटण्यासारखा असला तरी, कायदेशीर मार्गाने राजकीय बदल मिळवण्यासाठी लोकमत तयार करणे हा त्यांचा एकंदर सूर आहे, असे न्यायालयाने मानले. अशा प्रकारे होमरूलची मागणी करणे हाच गुन्हा आहे, ही सरकारची अप्रत्यक्ष भूमिका टिकली नाही.

परिणाम

या निर्णयामुळे होमरूल चळवळीचा प्रचार उघडपणे करण्यास कायदेशीर पाठबळ मिळाले. डिसेंबर १९१६ मध्ये लखनौ येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात टिळक आणि जिना हे दोघेही काँग्रेस व मुस्लीम लीग यांच्यातील कराराचे प्रमुख शिल्पकार होते.

सरकारने भाषणांवरील निर्बंध मात्र सोडले नाहीत. १९१७च्या आरंभी युद्धकालीन भारत संरक्षण नियमांखाली टिळकांना पंजाब व दिल्लीत प्रवेश करण्यास मनाई करण्यात आली. अशा कार्यकारी आदेशांना उच्च न्यायालयात आव्हान देणे जामिनाच्या आदेशापेक्षा अवघड होते. टिळकांचे लेखन व भाषणे हिंसेला कारणीभूत ठरल्याचा आरोपही संपला नाही. ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात असा आरोप करणारे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्याविरुद्ध टिळकांनी लंडन येथे लावलेला अब्रुनुकसानीचा दावा १९१९ साली फेटाळला गेला.

नंतरचा कायदेशीर विकास

राजद्रोहाच्या अर्थावरील वाद पुढेही चालू राहिला. फेडरल न्यायालयाने १९४२ साली नीहारेंदु दत्त मजुमदार खटल्यात सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका हे राजद्रोहाचे आवश्यक लक्षण मानले. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव खटल्यात हे मत अमान्य करून जुना व्यापक अर्थ कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह विरुद्ध बिहार राज्य (१९६२) या खटल्यात कलम १२४अ वैध ठरवले. मात्र हिंसेला चिथावणी देणाऱ्या किंवा सार्वजनिक अव्यवस्था निर्माण करण्याचा हेतू वा कल असलेल्या वक्तव्यापुरतेच ते मर्यादित केले. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने या कलमाचा वापर स्थगित झाला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. परंतु देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी कलम १५२ आहे.

ज्या प्रकारच्या तरतुदीखाली टिळकांवर कारवाई झाली, ती आजही अस्तित्वात आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिचा क्रमांक १०८ हाच राहिला आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १२७ म्हणून आली. समाजगटांत शत्रुत्व वाढवणारा किंवा धार्मिक भावना दुखावणारा मजकूर पसरवणेही तिच्या कक्षेत येते. जामीनविषयक प्रकरणातील शांतता राखण्यासंबंधीच्या कलम १०७ची वैधता सर्वोच्च न्यायालयाने मधु लिमये खटल्यात (१९७०) मान्य केली. मात्र मिळालेल्या माहितीची सत्यता न्यायिक चौकशीत तपासणे आवश्यक मानले.

चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगवेगळ्या पायऱ्या असून चिथावणीच्या पायरीवरच निर्बंध येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात (२०१५) स्पष्ट केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रँडेनबर्ग विरुद्ध ओहायो (१९६९) या खटल्यात याहून कठोर कसोटी घालून दिली. तिच्यानुसार तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याचा उद्देश आणि ते घडण्याची शक्यता, अशा दोन्ही गोष्टी असल्या तरच भाषण दंडनीय ठरते.

स्वातंत्र्योत्तर काळातील प्रक्षोभक भाषणे

स्वातंत्र्यानंतर प्रक्षोभक भाषणाच्या प्रश्नाचे स्वरूप बदलले. १९१६ साली सरकार स्वतःवरील टीकेपासून संरक्षण मागत होते. नंतरच्या बहुतेक प्रकरणांत एखाद्या समाजाविरुद्ध किंवा व्यक्तीविरुद्ध केलेली वक्तव्ये वादाचा विषय ठरली. महाराष्ट्रातील प्रमुख उदाहरण विलेपार्ले विधानसभा मतदारसंघाच्या डिसेंबर १९८७च्या पोटनिवडणुकीचे आहे. प्रचारात धर्माच्या आधारे मते मागितल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. रमेश प्रभू यांची निवड १९८९ साली रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या प्रकरणातील भाषणांमुळे शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचा मतदानाचा व निवडणूक लढवण्याचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

द्वेषमूलक भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हे नोंदवावेत, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना लागू केला. अहमदनगर जिल्ह्यात सप्टेंबर २०२४ मध्ये आमदार नितेश राणे यांच्या भाषणांवरून श्रीरामपूर आणि तोफखाना पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवण्यात आले. मुस्लिम समाजाला उघड धमकी दिल्याचा आरोप त्यांत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या वातावरणात संगमनेर तालुक्यातील धांदरफळ येथील सभेत एका वक्त्याने विरोधी पक्षाच्या महिला नेत्याविषयी आक्षेपार्ह वक्तव्य केले. त्यानंतर तालुक्यात तणाव निर्माण होऊन वाहनांची तोडफोड व जाळपोळ झाली.

महत्त्व

१९१६च्या खटल्यात सरकारचा आक्षेप भाषणांच्या संभाव्य परिणामावर होता आणि न्यायालयाने त्याच परिणामाची तपासणी केली. वक्त्याचा पूर्वेतिहास दोन शिक्षांचा असूनही निर्णय प्रत्यक्ष भाषणांच्या वाचनावर आधारला गेला. कठोर शब्द आणि धोकादायक शब्द एकच नसतात, हा भेद त्यातून अधोरेखित झाला. नोकरशाहीवर कडक टीका करणारे नगरचे भाषण कोणत्याही धर्माला किंवा वंशाला शत्रू ठरवत नव्हते आणि श्रोत्यांना हिंसक कृतीकडेही नेत नव्हते. संपूर्ण वक्तव्य, श्रोते, परिस्थिती आणि स्वाभाविक परिणाम यांचा एकत्रित विचार करण्याची ही पद्धत सत्तेवरील टीकेला संरक्षण देते. समाजगटांना धमकावणाऱ्या भाषणाची तपासणी करतानाही हेच प्रश्न विचारावे लागतात. मात्र तेथे उत्तर वेगळे येऊ शकते.

हेही पहा

• बाळ गंगाधर टिळक
• होमरूल चळवळ
• राजद्रोह
• लखनौ करार
• अहिल्यानगर जिल्हा